आईच्या पाटल्यांचा फोटो

मखमलाबाद, नाशिक
घटस्थापनेनंतरचा शुक्रवार, १९९८

तीर्थस्वरूप सिंधुताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून साष्टांग फक्त कागदावर.) दाजींचा खोकला कसा आहे? चाळीत साठवलेला कांदा टिकला का? नामपूरच्या बाजारात भाव चढला की दाजींचा खोकला आपोआप बसतो हे मला ठाऊक आहे, तरी विचारतो. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय सुवर्णा नमस्कार सांगते. ती सध्या मला सोडून सगळ्यांशी बोलते. कारण पुढे येईलच.

तू लिहिलंस, की आईच्या पाटल्या मोडीत घाल, त्यातून लेकीच्या, सृष्टीच्या, लग्नासाठी बांगड्या करून घे आणि कोणाबरोबर तरी पाठवून दे. पुढे लिहिलंस, आई गेल्यावर आता नाशकात यावंसं वाटत नाही, आठवणीला पाटल्यांचा एक फोटो तेवढा काढ. ताई, पाटल्या तुझ्याच आहेत, आई तसं सांगूनच गेली. मोडायच्या की ठेवायच्या हे तूच ठरवायचंस. फोटोचं म्हणशील तर मला वाटलं, हे आपलं रोजचंच काम. इतकी वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, रुसलेल्या वरमाया हसवल्यात, तिथे दोन पाटल्यांची काय कथा!

पहिला रोल फ्लॅश मारून काढला. धुऊन आल्यावर बघतो तर अंधारात समोरून ट्रक यावा तसे दोन पांढरे गोळे. मग फ्लॅश बंद करून खिडकीशी काढले. पाटल्या झकास आल्या, पण प्रत्येक पाटलीत मी! पोट पुढे, एक डोळा मिटलेला, अंगात भोकाचं बनियन. लॅबवाला म्हणाला, "नाथाभाऊ, यातलं गिऱ्हाईक कोन हे?" मग कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. त्याने जवळून फोटो काढायची लेन्स, उजेड पसरवणाऱ्या छत्र्या, एक पांढरा तंबू, असं काय काय दाखवलं. (एवढं सामान माझ्या लग्नातही आलं नव्हतं.) लेन्स तेवढी घेतली आणि तंबू घरीच उभारला. माझं लग्नातलं धोतर चारी बाजूंनी ताणलं आणि मधे लेन्सपुरतं भोक पाडलं. सुवर्णाच्या अबोल्याचं कारण हेच. दोन्ही अंगांना व्हिडिओ शूटिंगचे हॅलोजन लावले, तर धोतर करपायला लागलं. शेवटी साधे टेबललॅम्प ठेवून रोल संपवला आणि तो लॅबमध्ये द्यायला गेलो.

आता तूच डोळ्यांसमोर आण. नवरात्राचे दिवस, घरात पांढरं मखर, दोन्हीकडे दिवे, आत सोनं चमकतंय. फुलबाजारात आईशेजारी बसणाऱ्या गोजराबाई झेंडू द्यायला आल्या होत्या. मी परत येतो तर पाटल्यांना हळदकुंकू, धोतराला माळ, पुढे खडीसाखर! मी पाटल्या उचलायला गेलो तर मावशी कडाडल्या, "आरं, हात नको लावू! घट काय दसऱ्याआधी हालवत्यात व्हय?" म्हटलं, "मावशी, हा घट नाही, आईच्या पाटल्या आहेत." त्यांनी पाटल्यांना हात जोडले. मग म्हणाल्या, "नवसाबाईच्या? मंग तर नायच हालवायच्या." सुवर्णाने लगेच त्यांची बाजू घेतली. तेव्हापासून रोज बाजारातली कोणी ना कोणी बाई माळ घेऊन येते आणि सिंधू कधी येणार म्हणून विचारते.

तो रोल काल धुऊन आला. फोटो अगदी हवा तसा आहे. झळाळी नाही, बनियन नाही. पण माळा ओवताना सुईचे, टोपलीच्या काठाचे जे ओरखडे आईच्या पाटल्यांवर होते, ते त्या मऊ उजेडात सगळे पुसले गेलेत. दुकानातल्या काचेमागच्या कोऱ्या पाटल्याच जणू. मला रडू आलं, ताई. चकचकीत वस्तू समोर असेल तेच दाखवते, आणि या पाटल्यांसमोर आता आई नाही, माझं धोतर आहे. असो. फोटो सोबत पाठवतो आहे.

मोडीबद्दल माझी काही तक्रार नाही. दसरा झाला की सोनाराकडे जाईन. दाजींना नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

तुझा,
नाथा

ता. क. पाकिटात फोटो शोधू नकोस. घातलेला नाही.

आणखी एक ता. क. पाटल्या उचलायचा मान लेकीचा, असं गोजराबाईंनी जाहीर केलंय. (शास्त्र कुठलं ते विचारायची माझी हिंमत नाही.) तेव्हा दसऱ्याला ये. स्वतःच्या हाताने उचल, हातात घाल, तसा तुझा एक फोटो काढू दे. मग खुशाल मोड. आणि खरं सांगू? पाटल्या नाहीत घातल्यास तरी चालेल. आई गेल्यापासून मला "नाथ्या" म्हणून हाक मारणारं या घरात कोणी नाही. तू ये आणि मार.