निळी गाडी आणि बंद घड्याळ

४ फेब्रुवारी

ठरलं! मोटरसायकल घ्यायची. छप्पन्नाव्या वर्षी! हिला सांगायचं नाही. ही अपघात विभागात नर्स. दोन चाकांवरून पडलेल्यांच्या जखमा रोज बघते. लग्न ठरतानाच बजावलं होतं, या घरात मोटरसायकल येणार नाही. तीस वर्षं मी गुमान घड्याळं दुरुस्त केली. पण गॅरेजातली ती निळी जुनी गाडी दिसली आणि पाघळलो.

६ फेब्रुवारी

गॅरेजचा मिस्त्री मोठा खडूस. "काका, आधी इंजिनाला हात लावा. थंड आहे ना? आधीच तापवून ठेवलेली जुनी गाडी घेऊ नका, दुखणं लपवतात." मग टायर, चेन, कागदावरचा नि इंजिनावरचा नंबर — सगळं मलाच तपासायला लावलं. सीटवर बसवलं. दोन्ही पाय जमिनीला टेकले!

घेतो म्हटलं, तर पठ्ठ्याने गाडी जुन्या गादीवर आडवी केली. "एकट्याने उभी करा. ज्याला पडलेली गाडी उचलता येत नाही, त्याला मी विकत नाही."

गाडी हलली नाही. कंबर धरली.

७ फेब्रुवारी

हिने कंबर चोळून दिली. काय उचललंत? — मोठं घड्याळ, म्हटलं. "वाकून उचललं असणार! खाली बसायचं, पाठ ताठ, जोर मांड्यांचा. रोज पेशंट उचलते मी."

थापा मारल्याचं फार वाईट वाटलं. पद्धत मात्र लक्षात ठेवली.

११ फेब्रुवारी

गॅरेजातूनच हेल्मेट घेतलं. घट्ट बसणारं — मान झटकली तरी जागचं हलत नाही. पट्टा कोपऱ्यापर्यंत जातानाही लावायचा, मिस्त्रीची तंबी. हिला दिसू नये म्हणून हॉलमधल्या उभ्या घड्याळाच्या पेटीत ठेवलं. लंबक काढावा लागला. कोण बघतंय!

१४ फेब्रुवारी

गाडीला पाठ लावून खाली बसलो, मांड्यांनी रेटली — उठली! उठली आणि धाडकन पलीकडे पडली! आरसा गेला. आधी पलीकडचा स्टँड उघडून ठेवायचा असतो म्हणे. मिस्त्री पोट धरून हसला. परत या, म्हणाला.

१५ फेब्रुवारी

शिकाऊ लायसन्स खिशात. मिस्त्रीच्या गाडीवर, मैदानात. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाबायचे. जिथे जायचंय तिथे बघायचं — खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच! लेकाच्या वयाचा माणूस मला झापतो आणि मला मजा येते.

१८ फेब्रुवारी

गेली. निळी गाडी गेली! काल एका बाईंनी पहिल्याच झटक्यात उचलली, घेऊन टाकली. सांगताना मिस्त्री हसू दाबत होता, मेला. मी रडवेला झालो, खोटं कशाला लिहू? दुकानात दिवसभर एकाही घड्याळात मन लागलं नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं. अंगणात आपली जुनी गादी, गादीवर निळी गाडी आडवी. शेजारी ही — डोक्यात नवं हेल्मेट!

"घड्याळजीच्या घरातलं घड्याळ चार दिवस बंद दिसलं, तेव्हाच पेटी उघडली. हेल्मेटवर गॅरेजचा पत्ता होता. घरी बसून तुमची वाट बघणं मला जमायचं नाही. मी मागे बसणार. उचला आता."

आधी स्टँड उघडला. मग उचलली.