चौथ्या खुर्चीचे गुण

नेरिमा, तोक्यो
गुरुवार, ६ ऑक्टोबर १९९४

प्रिय कुवाबारा,

अनेक आशीर्वाद. उन्हाळ्यानं यंदा फार रेंगाळून का होईना, पण रजा घेतली. कुंडीतली शेवंती कळ्या धरून उभी आहे. सकाळी अंगणात पाऊल टाकलं की गारवा पायाला आधी कळतो आणि मग मला. तू व तुझी मंडळी खुशाल असाल अशी आशा करतो. मीही ठीक आहे. आमची ही, सुमिए, निइगाताला तिच्या बहिणीकडे गेली आहे, तीही ठीक.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, पाचवीतलं, ओळ उजवीकडे वर चढत जाणारं. आणि मजकूर एवढाच: ‘गुरुजी, तिसरी नदी ओलांडलीत का?’

वाचून मला खिडकीजवळचा तुझा बाक आठवला. पाठ्यपुस्तकातली ती नावाड्याची कविता आठवते का रे? ‘पल्याडच्या तीरावर दिवा कुणी लावला, नावाड्याला पुसलं तर नावाडी हसला.’ सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि तू तिसऱ्या ओळीला हटकून अडायचास. एकदा मी तुला तासभर उभं ठेवलं. शेवटी तू म्हणालास, ‘गुरुजी, ओळ येते मला. पण ती म्हटली की कविता संपायला लागते.’ त्या दिवशी मी घरी जाऊन सुमिएला हे सांगितलं. आज वाटतं, शाळेत शिकवलेल्या कविता मुलं विसरतात. मास्तर मात्र त्यांच्यातच राहून जातो, जुन्या वर्गात एकटा फळा पुसत असल्यासारखा.

असो. तुझ्या ‘नावाडी’ या व्हिडिओ गेमला मी दहापैकी चार गुण दिले त्याचा तुला राग आला असेल. पण आमची पद्धत तुला ठाऊक आहे. आम्ही साप्ताहिकाचे चौघं परीक्षक, प्रत्येकानं आपापल्या घरी खेळ खेळायचा, चार ओळी लिहायच्या, गुण द्यायचे, दुसऱ्याचा कागद पाहायचा नाही. बाकी तिघांनी तुला आठ, सात, सात दिलेच आहेत. मी लिहिलं, ‘नाव सुकाणू ऐकत नाही, पहिल्याच पाण्यात माणूस विनाकारण बुडतो.’ परीक्षकाला जे जाणवलं ते त्यानं लिहावं. चारानं काही कुणाचं जग बुडत नाही.

दुकानांची मागणी कशी आहे ते सवडीनं कळव. सहज विचारतो आहे.

तुझा गुरुजी,
हिराइवा तोकुजी


मंगळवार, ११ ऑक्टोबर

प्रिय कुवाबारा,

शेवंतीचं काही लिहीत नाही.

शनिवारी तुझा फोन आला, आणि दारावर कुणीतरी आलंय म्हणून मी तो ठेवला. दारावर कुणी नव्हतं. मी रिसीव्हरवर हात ठेवून तिथंच उभा राहिलो. तू परत फोन करशील अशी भीती वाटत होती, आणि करणार नाहीस अशीही.

तू सांगितलेलं सारं डोक्यात गरगरतंय. घाऊक विक्रेत्यांनी साठ हजार प्रती मागवायचं कबूल केलं होतं. मग आमच्या साप्ताहिकाचा गुणांचा कागद त्यांच्याकडे गेला, बेरीज सव्वीस, आणि मागणी अकरा हजारांवर आली. चाळीसपैकी तीस झाले असते तर ‘शिफारस’चा शिक्का मिळाला असता, आणि शिक्का असता तर साठ हजार. शुक्रवारी दुपारी बारा वाजता मागणी बंद. अकरा हजारांत तुम्ही नऊ माणसं दिवाळखोर. तीन वर्षांचं काम. आणि एवढं सांगून तू म्हणालास, ‘गुरुजी, गुणांचं राहू द्या. तिसऱ्या नदीचं तेवढं सांगा.’

मी तिसरी नदी पाहिलेली नाही, कुवाबारा. दुसरीही नाही. पहिल्या नदीत, अर्ध्या पाण्यात, मी चौदा वेळा बुडालो आणि यंत्र बंद केलं.

हे वाचून तू कागद चुरगाळणार असशील तर थोडं थांब. पुढे याहून वाईट आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो तेव्हा संपादक तोगावांना एक टूम सुचली. तीन तरुण परीक्षक आहेतच. चौथ्या खुर्चीत एक म्हातारा मास्तर बसवायचा. आजोबांना खेळ कसा वाटला, म्हणून वाचकांना गंमत. पहिलाच खेळ घरी आणला आणि मला पहिला खड्डादेखील ओलांडता येईना. सुमिए शेजारी सोयाच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, ‘अहो, इकडे द्या. तुम्ही कंट्रोलर खडूसारखा धरलाय.’ हात अ‍ॅप्रनला पुसले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं चौथा टप्पा गाठला. तेव्हापासून प्रत्येक खेळ ती खेळली. मी शेजारी बसून चहा करायचो आणि ती जे बोलायची ते सुंदर भाषेत लिहून काढायचो. गुणही तिचेच. लोक मला पत्रं पाठवायचे: ‘गुरुजी, तुमच्या बोटांना वयच नाही.’ मी ती पत्रं तिला वाचून दाखवायचो. ती हसायची. मीही हसायचो, आणि ती पत्रं माझ्या नावाच्या खणात ठेवायचो.

ती निइगाताला नाही. जूनमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. ती इथल्याच पुनर्वसन रुग्णालयात आहे. साप्ताहिकात मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि खुर्ची गेली की मी कोण? नुसता पेन्शनर, कुंडीला पाणी घालणारा.

जूननंतर सव्वीस खेळ आले. त्यांतल्या एकालाही मी हात लावला नाही. माहितीपुस्तिका वाचायचो, चित्रं पाहायचो, आणि कुणाला दुखवू नये असे सहा किंवा सात देऊन टाकायचो. कुणालाही संशय आला नाही. मग तुझा खेळ आला. वेष्टनावर नाव वाचलं आणि मनाशी म्हटलं, हा माझ्या कुवाबाराचा, हा मी खेळणार, स्वतःच्या हातांनी. चौदा वेळा बुडालो. चौदाव्या खेपेला मला इतका राग आला, की आपली बोटं थकली आहेत हे मनाशी कबूल करण्याऐवजी मी लिहिलं, नाव सुकाणू ऐकत नाही. ज्यांना हात लावला नाही त्यांना सात. ज्याला प्रेमानं हात लावला त्याला चार. असा मास्तर.

आज सकाळी तोगावांकडे गेलो होतो.

‘गुण बदलायचेत,’ मी म्हटलं.

‘गुरुजी, अंक गुरुवारी बाजारात. छापून तयार आहे तो. रबरानं खोडू का?’

‘पण घाऊकवाल्यांना दुसरा कागद पाठवता येईल ना?’

‘येईल. कारण काय लिहू? आजोबांना रात्री स्वप्न पडलं?’

मग मी त्यांना सगळं सांगितलं, जे वर लिहिलंय ते, फक्त जास्त अडखळत. तोगावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, ‘हे कागदावर लिहा. कोण खेळलं, कोण नाही, किती वर्षं. खाली नवा गुण आणि तुमच्या नावाचा शिक्का. शुक्रवारी अकरापर्यंत माझ्या टेबलावर आला तर मी सगळ्यांना फॅक्स करतो. पण त्यानंतर ती खुर्ची तुमची नाही.’

‘आणि नवा गुण कुणी ठरवायचा?’

‘जो खेळेल त्यानं,’ ते म्हणाले. ‘या वेळी तरी.’

कुवाबारा, बाकी तिघांच्या बाविसात आठ मिळवले की तीस होतात. मी हा हिशेब रेल्वे स्टेशनवर तीनदा केला, जणू तो बदलणार होता. आठ. मला फक्त आठ हवेत. उद्या यंत्र घेऊन रुग्णालयात जातो आहे.

हिराइवा


शुक्रवार, १४ ऑक्टोबर, सकाळी

कुवाबारा,

हे पत्र टपालानं नाही. तोगावांकडे जाताना वाटेत तुझ्या कचेरीच्या पेटीत मीच टाकतो आहे. तुम्ही आत असाल हे ठाऊक आहे. दार वाजवायचं धैर्य नाही.

बुधवारी दुपारी दोनला यंत्र पिशवीत घालून गेलो. तिथल्या बैठकीच्या खोलीत एकच टीव्ही, आणि त्याच्यासमोर पाय मोडलेला एक म्हातारा सुतार, मुरामात्सु, गाण्यांची स्पर्धा बघत होता. त्याची विनवणी करून टीव्ही मिळवला. सुमिएला चाकांच्या खुर्चीतून आणलं. यंत्र पाहून तिचे डोळे कितीतरी महिन्यांनी चमकले, आणि मग तिनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

‘कुणाचा खेळ आहे?’

‘कुवाबाराचा. आपला, कविता अडवणारा.’

‘मग हा खेळ इतके दिवस कुठे होता?’

मला सांगावंच लागलं.

‘किती दिलेत?’

‘चार.’

‘कुठवर गेला होतात?’

‘पहिली नदी.’

‘पूर्ण?’

‘अर्धी.’

तिनं उजव्या हातानं कंट्रोलर उचलला. मग म्हणाली, ‘डावा अंगठा तुमचा, उजवा माझा. दिशा तुम्ही सांभाळा, वल्हं मी मारते. आणि माझ्याकडे बघू नका, पाण्याकडे बघा.’

एक कंट्रोलर, दोन माणसं, दोन अंगठे. पहिल्या तासात आम्ही आठ वेळा बुडालो. ‘अहो, डावीकडे! डावीकडे म्हणजे तुमची डावी! चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलंत?’ मागून मुरामात्सु म्हणाला, ‘वहिनी, मास्तरांना काठावरच उतरवा, नाव हलकी होईल.’ मी घामानं भिजलो होतो. मनात एकच चाललं होतं, आठ, आठ, आठ. आणि मग कधीतरी पहिली नदी मागे पडली, आणि नाव सुकाणू ऐकते हे मला कळलं. चांगलं ऐकते. मीच ऐकत नव्हतो.

तिसरी नदी आम्ही ओलांडली, कुवाबारा. तोवर नावेतली माणसं मुकी असतात. त्या नदीत ती बोलू लागतात, एकेक ओळ, आणि तिसरा उतारू अडतो आणि नावाड्याकडे बघत राहतो. सुमिएनं वल्हं थांबवलं. मला म्हणाली, ‘ओळ म्हणा ना.’ मला म्हणवेना. नाव प्रवाहात तशीच वाहत राहिली आणि कितीतरी वेळ बुडली नाही. तू ते तसंच योजलं होतंस ना? थांबणाऱ्याला बुडवायचं नाही?

काल संध्याकाळी सातवी नदी संपली. मुरामात्सुनं नाक शिंकरलं आणि म्हणाला, ‘धूळ फार आहे इथं.’ मी कागद पुढे केला.

‘सुमिए, गुण.’

‘सात.’

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ‘सात? तू सहाव्या नदीत रडलीस!’

‘सहाव्या नदीचे दहा. पण चौथ्या नदीत एक चूक झाली की पुन्हा पहिल्या घाटापासून? तेच तेच सहा वेळा? हा अन्याय आहे. दमलेला माणूस तिथं यंत्र बंद करेल आणि पुढचं काही बघणारच नाही. कुवाबारानं तिथं आळस केलाय. सात.’

मी तिला सगळं सांगितलं. बेरीज, शिक्का, साठ हजार, नऊ माणसं, बारा वाजता. हात जोडले. मुरामात्सुसमोर जोडले. ‘एकच गुण, सुमिए. कुणाला कळणार आहे?’

‘नऊ वर्षं मी खेळले आणि तुम्ही शब्द लावले,’ ती म्हणाली. ‘शब्द तुम्ही हवे तेवढे गोड केलेत, मी कधी अडवलं नाही. पण आकडा माझा होता. तो एकदाही खोटा नव्हता. तुम्ही एकट्यानं चार महिने दिलेत ते खोटे. आता मलाही त्यात ओढता?’

‘तो मरेल गं.’

‘मग मीच मारला म्हणून लिहा. माझ्या नावानं.’

आणि तिनं उजव्या हातानं, एकेक अक्षर करून, कागदावर सही केली. नवा परीक्षक, चौथी खुर्ची, हिराइवा सुमिए.

आज पहाटे उठलो तेव्हा तिच्या सहीच्या वर गुणांची जागा कोरीच होती. ती मला भरायची होती. दुसऱ्या कागदावर मी आठचा आकडा काढून पाहिला. दहा-बारा वेळा काढला. तिला कळलं नसतं. तोगावांना कळलं नसतं. तू तर नक्कीच काही विचारलं नसतंस. बाविसात आठ, तीस, शिक्का, साठ हजार, नऊ माणसांच्या घरी आज रात्री गरम भात.

मी सात लिहिला.

एकोणतीस झाले. घाऊकवाले एकोणतिसावर किती मागवतात, मला माहीत नाही. कदाचित वीस हजार, कदाचित अकराच. एका गुणानं बुडवतो आहे मी तुला, आणि या वेळी पूर्ण शुद्धीवर. पहिल्यांदा बुडवलं ते निदान रागात होतं. तिच्या सहीच्या खाली मी माझा कबुलीजबाब जोडला आहे. तुला जिथं उपयोगी पडेल तिथं तो दाखव, दुकानदारांना, वर्तमानपत्रांना, हव्या त्या माणसाला. माझं नाव जपायचं कारण उरलेलं नाही.

चौथी नदी मात्र बदल. पुढच्या खेळात, तो झाला तर. ती म्हणाली आहे, सांगून ठेवा.

मला क्षमा करू नकोस. ती मिळाली तर मी तिला न कमावलेला आठवा गुण समजेन, आणि तसे मी आयुष्यात फार घेतले.

तुला एकदा चार आणि एकदा सात देणारा,
हिराइवा तोकुजी