ट्रेबलच्या जागची कोरी पट्टी

बाबा, तुमच्या ट्रेबलच्या बटणाबद्दल लिहायचं आहे. ते बटण काढून त्या जागी मी जी कोरी पट्टी बसवली, तिच्याबद्दल. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ती पट्टी मला एकदाही खटकली नाही, हे आधीच सांगतो. उलट तिचं काम इतकं साफ झालं होतं की मी ती येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवत असे.

तो अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः बनवला होता, कोणाकडे न शिकता. एक जुनं सर्किटचं पुस्तक होतं आणि हाताला बसलेले सोल्डरचे चटके. डावी-उजवी बाजू सारखी वाजावी म्हणून मी एकेक रेझिस्टर मीटरवर मोजून जोडीने निवडला होता. घाटंजीत असं काम करणारा तेव्हा दुसरा नव्हता. आणि तुम्ही संध्याकाळी सहाला कापसाच्या जिनातून येता, भुवयांवर रुईचे तंतू तसेच, हातपाय धुता आणि ओल्या हाताने ट्रेबलचं, बारीक सूर वाढवणारं ते बटण पार शेवटपर्यंत फिरवता. मी ते मध्यावर आणतो. तुम्ही चहा पिऊन उठता आणि परत शेवटाला नेता. आई चुलीपाशी बसून म्हणते, "बापलेकाले एक बटण पुरून नाही राह्यलं."

"बाबा, मध्यात ठेवत जा ना. चिरकते ते," मी म्हणत असे.

"मले तं मध्यात गाणं झाकून ठेवल्यावानी लागते."

"झाकून म्हणजे?"

"दुधावर फडकं असते ना, तसं. बाई काय म्हणून राह्यली, बोलच समजत नाही."

"ध्यान देऊन ऐका, म्हणजे समजते."

तुम्ही मला सरळ सांगितलं होतं, बाबा. कानाच्या डॉक्टरलाही यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. मीच त्याला अडाणीपणा समजलो. तुम्ही जिनात फिटर. कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींच्या दोन रांगा दिवाळीपासून होळीपर्यंत गरजत, आणि त्यात शेजारच्याशीही खुणेनं बोलावं लागे. कोणतं बेअरिंग जायला आलं हे ओळखायला तुम्ही पान्याचं एक टोक बेअरिंगवर ठेवत आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावत. डबा घेऊन आलो की मी ते पाहत उभा राहायचो. तुमच्या कानाबद्दल मला त्या वयात फार अभिमान होता.

मग मुकुटबनचा तो मंडपवाला आला. लग्नासाठी असाच अ‍ॅम्प्लिफायर त्याला पाहिजे होता. तुम्ही नुकतेच घरी आला होता आणि ट्रेबल शेवटाला होतं. तो म्हणाला, "असा किंचाळत असन तं नको बा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे. आमच्या बाबाचे कान जिनात गेले. त्याहिले गाण्यातलं काय समजते?" तो हसला. तुम्हीही थोडे हसला आणि म्हणाला, "हो बा, आम्ही मशिनीतले माणसं." मंडपवाल्याने ऑर्डर दिली. मी जे बोललो ते अक्षरशः खरं होतं, पण ते मला माहीत नव्हतं. मी टोमणा मारत होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर मी ते बटण मुळापासून काढलं. जागेवर सत्तेचाळीस केचे दोन रेझिस्टर टाकले, म्हणजे ट्रेबल कायमचं मध्यात, आणि भोकावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कसली. तिच्या चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत ठेवल्या. संध्याकाळी तुम्ही आला. हात सवयीने तिथे गेला, पट्टीवरून एकदा फिरला. तुम्ही म्हणाला, "बरं केलं. खराबच होत होतं ते." आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्यानंतर तुम्ही गाणं लाव असं कधी म्हणाला नाही. मी पाहुण्यांना सांगायचो, बाबाचा गाण्याचा नाद सुटला.

आईने एकदा, तुम्ही गेल्यानंतर, सहज सांगितलं होतं. "तू दुकानात गेला का ते पेटीले पाना लावून बसत. कानामागं. मंग म्हणत, नाही, इथूनही बोल नाही समजून राह्यले." मी तेव्हा हसलो होतो. आईही हसली होती. स्पीकरला पाना लावून गाणं ऐकणारा माणूस, हसण्यासारखीच गोष्ट वाटली.

आता मागच्या महिन्यातलं सांगतो. गाणी आता कॉम्प्युटरवर असतात. ज्या प्रोग्रॅमवर ती वाजतात त्याला प्लेयर म्हणतात, आणि त्यात आवाज सुधारायला लहान लहान प्रोग्रॅम जोडता येतात, ते प्लगइन. आपल्या जुन्या डेकला मी वेगळा इक्वलायझर जोडला होता, तसंच समजा, फक्त वायर नाही. मी पाच लावले आहेत. त्यांचा क्रम महत्त्वाचा, आवाजाला हद्दीत ठेवणारा लिमिटर सगळ्यात शेवटी. लोक तो आधी लावतात आणि आवाज फाटला म्हणून माझ्याकडे येतात. सहावा नवीन मिळाला. तो आधी ऐकणाऱ्याचा कान मोजतो. हेडफोनमध्ये बारीक शिट्टी वाजते, ऐकू आली की बटण दाबायचं, असं खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत. मला हेडफोन तपासायचा होता, कान नव्हे. तीन हजार हर्ट्झच्या वरची शिट्टीच येईना. मी हेडफोन बदलला. मग तिसरा लावला. शेवटी तुमच्या सुनेला बोलावून तिच्या कानाला लावला.

"वाजून तं राह्यलं," ती म्हणाली. "चांगलं टोचून राह्यलं कानात. तुमाले नाही येत का ऐकू?"

पंचवीस वर्षं मंडपांमध्ये हॉर्नच्या पुढ्यात उभा राहून मी आवाज लावला, त्याचं हे फळ. चाचणी पूर्ण केली तेव्हा प्लगइनने माझ्यासाठी एक रेषा काढली. एक हजारापर्यंत सपाट, तिथून चढत चढत पार वर. आम्हा आवाजवाल्यांना रेषा वाचता येते. ते ट्रेबल होतं, शेवटपर्यंत फिरवलेलं. मी प्लगइन चालू केला आणि गाण्यावरचं फडकं निघालं, बाबा. टाळ आले. बाईचे बोल आले, त्यातले 'स' आणि 'श' वेगवेगळे आले. मी खुर्चीतच बसून राहिलो. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं.

तुम्हाला एवढंच पाहिजे होतं. बटणाचा अर्धा फेराही नाही. आणि ते देणारं मशीन मी माझ्या हाताने बनवलेलं होतं. तुम्ही मागितलं, कसं लागतं ते सांगितलं, आणि मी मशीनचा मान राखायला तुमच्या संध्याकाळी बंद केल्या. मरेपर्यंतची चार वर्षं तुम्ही ओट्यावर बसून रस्ता पाहत होता. मी आत बसून अगदी मोजूनमापून बरोबर असलेली गाणी ऐकत होतो.

हा कागद कुठे टाकायचा ते माहीत नाही. दुकानात सर्किटच्या नकाशांची फाईल आहे, तिच्यात राहील.

एक मात्र राहिलं. तुमच्या सुनेने त्या दिवशी विचारलं, तेव्हा मी तिला हेडफोनचा स्पंज बसला आहे म्हणून सांगितलं. तिला ते पटलं. खोलीत कोणी आलं की मी तो सहावा प्लगइन बंद करतो, ते जाईपर्यंत मान हलवत झाकलेलं गाणं ऐकतो. कोणी विचारलं तर छान वाजतं म्हणतो.