बिनआवाजाची होडी

१९ नोव्हेंबर
होडी दारात आली. टेम्पोवाल्याने गल्लीत उलटसुलट करून चांगलाच तमाशा केला, शेजाऱ्यांची फुकट करमणूक. ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची, दोन्ही कडांना पोचे. शोभा कमरेवर हात ठेवून दारात उभी. "लोकांचे नवरे गाडी आणतात, माझ्यानं होडी आणली. आता पानी बी आणा." म्हटलं, मरळ धरायला. देवगाव रंगारीच्या पुढच्या धरणात. ती आत निघून गेली. त्या धरणाचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.
भंगारवाला पण म्हणत होता, साहेब, हिच्यापेक्षा चांगली दुसरी आहे, ती घ्या. नाही घेतली.

२३ नोव्हेंबर
पहिलं काम, इंजिन काढणं. राजू मदतीला. हा मेहुणा असला तरी हाताला चांगला आहे, तोंडाला नाही. इंजिन म्हणजे पेट्रोलवरचं जुनं धूड. त्याने प्लग पुसून सहज दोरी ओढली, तर ठसके देत चालूच झालं. मी ओरडलो, बंद कर. इतक्या जोरात की शोभा भांडी टाकून बाहेर आली.
"दाजी, चालू इंजिन हाय की! कामून भंगारात घालता?"
"मरळ आवाजाला बुजते. बॅटरीची मोटर लावू."
आमचं दुकान ई-रिक्षा दुरुस्तीचं, त्यामुळे त्याला पटलं.
इथे खरं लिहितो, इथे कोण बघतंय. गेल्या वर्षी वि., माझा धाकटा भाऊ, ट्यूबवर बसून जाळं सोडवायला धरणात गेला. ट्यूब काठाला लागली. तो नाही. शोधपथक आलं ते ह्याच होडीतून, ह्याच इंजिनावर; पुढे ती त्यांनी भंगारात काढली. पाणी घुसळलं की माणूस वर येतो म्हणतात, म्हणून गोल गोल फिरवत होते. मी काठावर. तो घरघराट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. वि. अजून सापडलेला नाही.
शोभाने मिक्सर लावला की मी चप्पल घालून बाहेर पडतो. तिला वाटतं मला ठेच्याचा ठसका सोसत नाही.

३० नोव्हेंबर
गळती शोधली. होडी विटांवर ठेवून आतून पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं, कुठून ठिबकतं. रिव्हेटजवळ थेंब दिसला की खडूने गोल. सकाळभर आम्ही दोघं होडीखाली आडवे. गल्लीतली एक म्हातारी विचारून गेली, कोण गेलं? राजू इतका हसला की सीलंटची नळी त्याच्या शर्टावर. मी पण हसलो. मग पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला ओरखडे दिसले, दोर घासून घासून पडलेले. ह्याच कडेवरून गळ टाकत होते. तिकडचं काम राजूला दिलं.

७ डिसेंबर
काल सहा डिसेंबर. सकाळी सगळे पुतळ्यापाशी जाऊन आलो. संगीताही गावाकडून आली होती. वि.ची बायको. पांढरी साडी आमच्या सगळ्याच बायका त्या दिवशी नेसतात म्हणून तिनेही नेसलेली, पण गळ्यात मंगळसूत्र तसंच. चुलत्याने परत तो विषय काढला. किती दिवस असं ठेवणार, भंतेजींना बोलवू, जलदान विधी उरकून टाकू. 'उरकून' हा शब्द त्याचाच. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.
संगीता शांतपणे म्हणाली, "माणूस कुठंय ते दाखवा. मंग करा काय करायचं ते."
घरी जाताना होडीपाशी थांबली. कडेवर हात फिरवला. मला म्हणाली, "दादा, मरळ खायला तुमाला कधी आवडत होती?"
मासा मी तोंडात धरत नाही.
"सापडलं तर मलाच आधी सांगा. हाडूक असलं तरी."
म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक. शोभालाही असणार. मीच एकटा मरळ मरळ करत गावभर फिरतोय.

१४ डिसेंबर
प्लायचा डेक बसवला. बॅटरी मागे ठेवली तर होडीचं नाक वर, पुढे ठेवली तर राजूला मागे बसवावं लागतं. राजूचं वजन एक बॅटरी धरून चाललोय. शेवटी बॅटरी मधोमध, बाकाखाली, कडेने थर्माकोल कोंबला. उलटली तरी बुडायची नाही. वायरिंग माझं. चांगलं झालंय, स्वतःच म्हणतो.
वि. असता तर म्हणाला असता, दादा, वायर जरा सैल ठेव, तुझ्या स्वभावासारखी नको.

२१ डिसेंबर
फिश फायंडर आला. टीव्हीच्या छोट्या भावासारखा पडदा, खाली पाण्यात सोडायचा सेन्सर. तळ, मासे, झाडं, सगळं दाखवतो म्हणे. गच्चीवरच्या टाकीत सोडून बघितला. पडद्यावर काहीतरी लांबुळकं आलं. अंगावर काटा. राजूने हात घालून काढलं तर तुटका पाइप. "टाकी कवा धुतली होती, दाजी?" वर ऐकवतोय.

४ जानेवारी
पहिल्यांदा पाण्यात. गावच्या बाजूने नाही, पलीकडच्या काठाने उतरवली.
काय चालते! बटण फिरवलं की नुसती सरकते. बगळे बसलेत तसेच बसलेत. राजू लहान पोरासारखा खूश, गळ टाकला आणि खरंच मरळ लागली, हातभर. मला आनंद झाला, खोटं का बोलू. आपल्या हाताने बनवलेली वस्तू चालते ह्याचा आनंद.
मधल्या पाण्यात गेल्यावर मोटर बंद केली. तेव्हा काही ऐकू येईना. शर्ट घामाने ओला, थंडीचे दिवस असून. इतकी शांतता मीच मागून घेतली होती. कुणीतरी होडीला खालून हात लावून उभं आहे असं वाटत राहिलं. राजूला म्हटलं, काहीतरी बोल.
मरळ राजूने नेली. शोभाने आमच्या घरात घेऊ दिली नाही.

११ जाने.
नांगरल्यासारखं तास धरून पाणी बघायचं ठरवलं. सरळ जायचं, वळायचं, शेजारून परत. पडद्यावर बुडालेल्या बाभळी, जुना बांध, माशांचे थवे. दुपारी एक आकृती. लांब, आडवी, एका बाजूला जाड. विहिरीतली बादली काढायचा गळ होता तो सोडला. अडकला. ओढताना राजू आणि मी एकमेकांकडे बघत नव्हतो. वर आला बाभळीचा बुंधा, वर जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला. जाळं वि.चं होतं का, सांगता येत नाही. सगळ्यांची जाळी निळीच.
मी होडीत बसून रडलो. राजूने होडी काठाला आणली.
संगीताला फोन केला नाही.

१८ जाने.
परत तेच. काही नाही. शोभा म्हणते, तुम्ही झोपेत हाताने बटण फिरवता. चिडून म्हटलं, मग चालू ठेव, कुठेतरी पोचेन. तिला हसू आलं नाही.

२९ जाने.
दुकानात होतो. धरणाच्या बाजूच्या सरपंचाचा फोन. धरणातून पाणी ओढणाऱ्या मोटारीचा फुटव्हॉल, पाइपाच्या तोंडाची झडप, साफ करायला एक जण उतरला, वर आला नाही. गणेश नावाचा, लग्न व्हायचंय. पथक दुसरीकडे गेलंय, यायला उद्या-परवा. "तुमची होडी हाय ना, दादा, दिसायचं मशिन बी हाय म्हणत्यात."
नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, येतो.
काठावर माणसं. गणेशची आई बाभळीला टेकून बसलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. राजू आणि मी पाण्यात. मोटर लावली, पाणी बघू लागलो. जरा वेळाने राजूच्या फोनवर काठावरचा माणूस. "म्हातारी इचारती, होडी गेली का? शोधायचं सोडलं का?" राजू म्हणाला, आम्ही इथंच आहोत की, समोर. परत थोड्या वेळाने फोन. म्हातारी उठून पाण्याकडे निघाली, धरून ठेवलीय. तिला दिसत नाही, आणि आमचा आवाज नाही. तिच्या लेखी आम्ही कधीच निघून गेलो होतो.
मी मोटर थांबवली.
वि.च्या वेळी त्या घरघरीला मी शिव्या घालत होतो. पण ती चालू होती तोवर कुणीतरी माझ्या भावाला शोधत होतं. ती बंद पडली तेव्हा शोधणारं कुणी उरलं नाही. इतकं स्वतः भोगून मी काय केलं, तर आवाज काढून फेकून दिला. माझ्या कानाला त्रास होतो म्हणून. काठावर पुन्हा कुणी बसलेलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.
काठाला जाऊन म्हातारीला म्हटलं, "माय, होडी बॅटरीची हाय, वाजत नाय. आमी हाव."
ती म्हणाली, "मंग वरडा की रं बाबा. हाक द्या त्याला. मला कळंल तरी."
अंधार पडेपर्यंत आळीपाळीने ओरडलो. सापडला नाही. पथक उद्याही येईल की नाही, सांगता येत नाही, सरपंच म्हणाला.

३० जाने.
सकाळपासून परत. आज हाक मीच दिली, राजूने पडदा सांभाळला. तास धरून जायचं, वळताना हाक. प्रत्येक हाकेला काठावरून म्हातारीचा आवाज, "व्हय, हाय मी!" मग पुढचं तास. घसा बसला. दुपारी कुणीतरी भाकरी आणि पिठलं आणून दिलं, होडीतच खाल्लं. पथक आलं नाही. गणेश सापडला नाही.
परतताना राजू गाडी चालवत होता. फाट्याला आल्यावर म्हणाला,
"दाजी, एक सांगू, रागावू नका."
"बोल."
"तुमी दिसभर गणेशला हाक देतच नव्हते. विनोद, विनोद म्हणत होते."
मला काही आठवेना. अजून आठवत नाही. म्हटलं, मग सांगायचंस ना, गाढवा. काठावर इतकी माणसं, कुणी बोललं कसं नाही? राजू म्हणाला, सरपंचाच्या लक्षात आलं होतं. त्याने म्हातारीला सांगितलं, नाव चुकतंय, थांबवू का. ती म्हणाली, घेऊ दे त्याला, माझ्या पोरासाठी बी फिरतोच हाय ना.
घरी आलो तर संगीता बसलेली. शोभाने फोन करून बोलावून घेतलं होतं. सगळं ऐकल्यावर माझ्या घशाकडे बघून म्हणाली, "उद्या मी येते होडीत. नाव मी घेते."
लग्नाला इतकी वर्षं झाली, 'ह्ये' आणि 'तुमचे भाऊ' ह्याच्यापुढे तिने कधी विनोदचं नाव तोंडातून काढलेलं नाही. बसल्या आवाजात विचारलं, कुणाचं नाव?
"दोघांचं बी."