प्रभूच्या मेजाशी धाकटी आधी

डॉलिना,

"धाकटी उद्या प्रभूच्या मेजाशी बसणार, आणि मोठी अजून मागच्या बाकावर सुस्कारे टाकतेय!" आज सकाळी भर उपासनेत पेगीआजी माझ्या मानेमागेच कुजबुजल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ती कुजबुज अर्ध्या ल्युइस बेटाने ऐकली असेल.

मटणाचं सूप शेगडीवर आहे. बटाटे आजच सोलून ठेव, उद्या रविवार, विश्रांतीचा दिवस, सुरीला हात लावायचा नाही. उद्याच्या प्रभुभोजनासाठी येणारे पाहुणे आज पाचला पोचतील. त्यांना माझी खोली दे.

तू एकाच हिवाळ्यात विश्वास धरलास आणि परवा चर्चच्या वडीलमंडळींपुढे जाऊन मेजाशी बसण्यासाठी नाव दिलंस. मी वीस वर्षं देवाच्या खुणेची वाट पाहतेय. एखादं स्वप्न पडेल, एखादं वचन कानात घुमेल, निदान छातीत काही हलेल. म्हणून तुला विचारलं, "तुला काय दिसलं गं?" तू म्हणालीस, "काहीच नाही, ताई. दिसलं असतं तर विश्वास कशाला लागला असता?" त्यावर मी तुला चिखलाच्या बुटांवरून बोलले. बूट स्वच्छ होते. माफ कर.

मला अजूनही काही दिसलेलं नाही. तरी नाव द्यायला चालले आहे. वडीलमंडळी चारपर्यंत चर्चमध्ये बसतात. इतकी वर्षं का थांबलीस, असं ते विचारतील. काय सांगायचं ते तिथे बघेन, पण तुला आधी खरं सांगते. तू नाव दिलंस तेव्हा मला आनंद झाला नाही, डॉली. मला तुझा हेवा वाटला.

ताई