पेन्सिलीवरची नोकरी

ती. मथुरावहिनींना धाकट्या दिराचा बोरीवलीहून साष्टांग नमस्कार.

दादाचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला असणार, कारण परवा मी फोन केला तेव्हा तुम्ही माझ्या बायकोला ‘प्रेमा’ म्हणून मारलेली हाक मला इथे स्पष्ट ऐकू आली (फोन कानापासून लांब धरूनसुद्धा). मी बरा आहे. डबा लावलाय. भाजी रोज वेगळी असते म्हणतात, मला अजून फरक कळलेला नाही.

निवृत्तीच्या समारंभात मी केवढं भाषण ठोकलं होतं, तुम्ही होतातच! आता गावी जाणार, कलमांना पाणी घालणार, प्रेमाच्या हातचं गरम जेवणार. ती पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. पुढे तिची भांडीकुंडी बांधून झाली आणि ऑफिसातून फोन आला, अनुभवी माणूस हवाय. मी फुगलो. म्हटलं, एकच वर्ष. ती म्हणाली, ‘या सावकाश,’ आणि एकटीच गाडीत बसली. तेव्हा मला हायसं वाटलं, वहिनी. आता ते ‘सावकाश’ टोचतं.

नियम असा, की पेन्शन घेणाऱ्याला कंत्राटावर परत ठेवता येतं, पण अधिकार देता येत नाहीत. सल्ला द्यायचा, सही करायची नाही. म्हणून मी फायलीवर शेरा पेन्सिलीने लिहितो आणि निलेश (शेरा लिहायला मीच शिकवलं, तो आता साहेब) तो पेनाने गिरवतो. मी त्याला सर म्हणतो, तो मला सर म्हणतो, आणि शिपाई पहिला चहा कोणाला द्यायचा म्हणून मधेच उभा राहतो. गेल्या आठवड्यात बोलण्याच्या नादात हात सवयीने चालला आणि एका नळजोडणीच्या फायलीवर मी सही ठोकली. झालं! वाट लागली. फाईल बाद, सगळं पहिल्यापासून. ती होती कल्पिता नावाच्या मासळीवाल्या बाईची. सगळ्यांदेखत म्हणाली, ‘काका, तुमची सही चालत नाय तर खुर्ची अडवून कशाला बसलात? घरी कोण नाय काय तुमच्या?’ मी हात जोडून माफी मागितली. संध्याकाळी कुलूप उघडताना मात्र रडू आलं. घरी खरंच कोणी नव्हतं, आणि ते माझंच कर्तृत्व.

दादाला नमस्कार. पथ्य पाळायला सांगा, ऐकणार नाही तरी सांगा.

तुमचा,
अनंता

ता. क. : वर्ष संपत आलं, सोमवारी मुदतवाढीच्या कागदावर सही द्यायची आहे (ही एक सही माझी चालते). मला ती करायची नाही. पण ‘चुकलो, येतो’ म्हणायला जीभ रेटत नाही. तर प्रेमाने आपणहून मला बोलवावं, असं तिला सुचवाल का? फोनवर सांगितलं असतं, पण ती तुमच्या शेजारीच असते, म्हणून गावी निघालेल्या सुयोगच्या हाती हे पत्र पाठवतोय. माझं नाव मात्र अजिबात येऊ देऊ नका.

आणखी एक : रविवारपर्यंत तिला सुचलंच नाही, तर माझंच नाव सांगा.