मध्येच उगवलेली ताई

गुरुवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. 'सगळं' म्हणजे मी आणि खिडकीतून ये-जा करणारी शेजारची मांजर. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

तुझं पत्र मिळालं. माझी कथा तुला आवडली आणि दादाकडे सगळ्यांना बसवून तू ती मोठ्यांदा वाचून दाखवलीस, हे वाचून मी आधी पाणी प्यायले. इतकी वर्षं लिहितेय, पण माझी कथा तू शेवटपर्यंत वाचलीस अशी ही पहिलीच. मला आनंद व्हायला हवा होता.

या छोट्या मासिकांचं काय सांगू तुला. पहिल्याने ही कथा स्वीकारली आणि मासिकच बंद पडलं. दुसऱ्याच्या संपादकांनी 'विचाराधीन आहे' असं कळवलं. त्यांचा विचार अजून चालू असावा. तिसऱ्यांनी छापली. हे गृहस्थ घरातल्या एका खोलीत अंक काढतात, स्वतः टाइप करतात, स्वतःच गठ्ठे बांधून पोस्टात नेतात, त्यामुळे त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी जिवावर येतं. माझं आडनाव चुकलं होतं, ते मी गिळलं. आई जाते त्या प्रसंगाच्या मधोमध सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात होती, तीही गिळली. (ते मलम गुडघ्याला चालतं का, विचारून बघ.)

बघ, पुन्हा गुडघ्यावर आले. सांगायचं ते राहतंय.

तू लिहिलंयस, "वहिनीला बरी चपराक दिलीस. मी वाचत असताना उठून आत गेली ती. फक्त शेवटच्या पानावर ही ताई मध्येच कुठून उगवली, ते कळलं नाही."

कथेत आजारी आईचं सगळं धाकटी एकटी करते. आई गेल्यावर भेटायला आलेल्यांना वहिनी सांगते, "आम्ही दोघींनी केलं हो तिचं." त्या 'दोघींनी'मुळे धाकटीचं तिच्यावरून मन उडतं. छापलंय ते असं. अंक हातात पडल्याबरोबर मी संपादकांना फोन लावला.

"अहो, सख्खी बहीण असं वागते हे वाचकाला पटत नाही," ते म्हणाले. "वहिनी म्हटलं की लगेच पटतं. म्हणून सगळीकडे बदललं."

"आणि शेवटच्या पानावर?"

"तिथे एक राहिलं का? नजरचूक झाली बघा."

अख्ख्या कथेत तेवढी नजरचूकच बरोबर आहे, ताई.

आपली वहिनी नोकरी सांभाळून दर रविवारी माझ्याकडे यायची, आईला न्हाऊ घालायची आणि मला म्हणायची, "तू जा, जरा मोकळी फिरून ये." भेटायला लोक आले तेव्हा ती आत चहा करत होती. बाहेर आईच्या खुर्चीत तू होतीस. 'दोघींनी' तू म्हणालीस. मी बशा घेऊन दारात उभी होते. तू फोन करायचीस, चौकशी करायचीस, पण ते सगळं धरलं तरी दोघींनी होत नाही गं. मला फार राग आला. बोलता आलं नाही म्हणून कथा लिहिली; वाटलं, वाचशील आणि तुझं तुला कळेल. ती छापायची राहिली की मी चिडायचे, आणि मनातून सुटल्यासारखंही वाटायचं.

संपादक पुढच्या अंकात दुरुस्ती छापू म्हणतात. पुढचा अंक कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. तोवर वहिनीने का सोसायचं? तुझ्या त्या वाचनापासून ती माझा फोन उचलत नाही.

तेव्हा एवढं कर. दादाकडे पुन्हा सगळ्यांना बसव, वहिनीलाही. कथा पहिल्यापासून वाच आणि जिथे वहिनी येईल तिथे ताई म्हण. मग मला पत्र लिहायचं की नाही, ते तू ठरव. मी वाट बघेन, आणि रागही अजून गेलेला नाही, हेही सांगून ठेवते.

शेवटच्या पानावर मात्र काही बदलू नकोस. 'ताई गेली, पण मी दाराला कडी लावली नाही.' ते आहे तसंच वाच.

तुझी (हा शब्द विचार करून ठेवला आहे)
धाकटी